निर्णायक मार्ग पद्धती : खर्च व काल यांची सांगड

बांधकाम-नियोजनात रूढ असलेली ही पद्धती ड्यू पाँट कंपनीतील मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडमधील जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास विकसित केली. कालावधी घटविल्यास खर्च किती वाढेल, हा प्रश्न तिच्या मुळाशीच होता. पुढे वापरात मात्र बहुधा तारखांचे जाळे तेवढे उरले. याचा दोष सर्वस्वी वापरणाऱ्यांवर टाकता येत नाही. अंदाजपत्रकात काँक्रीट ही घनमीटरांत मोजलेली बाब असते. वेळापत्रकात तेच पाया, स्तंभ, मजल्यामजल्याचा स्लॅब अशा कामांत विखुरते. शिवाय क्रेनचे भाडे व देखरेखीचा खर्च दिवसांगणिक चढतो. तो घनमीटराच्या दरात मिसळला, की विलंबाची किंमत दिसेनाशी होते. कालावधी घटविताना कामाचा खर्च सरळ रेषेत वाढतो, हे गृहीतकही तोकडेच आहे; रात्रपाळी सुरू होताच तो एकदम उडी घेतो.