जनुक-अभिव्यक्तीच्या अध्यापनातील धातू व प्राणवायू : एक चिकित्सा

पदवी स्तरावरील अध्यापनात जनुक-अभिव्यक्तीचे नियमन म्हणजे लॅक ऑपेरॉन, असे समीकरण दृढ झाले आहे. जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या या प्रारूपाचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. परंतु त्यासोबत आपण विद्यार्थ्याच्या हाती विजेच्या बटणाची उपमा देतो : दुग्धशर्करा आली की चालू, संपली की बंद. धातू मात्र 'विकरांचे सहघटक' म्हणून एका प्रकरणात आणि प्राणवायू 'श्वसना'च्या दुसऱ्या प्रकरणात बंदिस्त राहतो. हे दोन्ही घटक जनुकांचे नियमनही करतात, ही बाब विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या विभागणीला आहे.

त्यासाठी दूरचे उदाहरण नको. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दूध उत्पादकाच्या शेतातील लसूणघास घ्यावा. रोप हलकेच उपटून मुळावरील गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. तो लेगहिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनाचा. गाठीतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात ते नायट्रोजिनेज या विकराच्या साहाय्याने. त्याच्या गाभ्यात लोह व मॉलिब्डेनम असते आणि प्राणवायूच्या संपर्कात ते निकामी होते. मग हे विकर केव्हा घडवावे, हे जिवाणूला कसे कळते? त्याच्या पेशीपटलात फिक्स-एल नावाचे प्रथिन असते. त्यातील हीममधल्या लोहाला प्राणवायू जोडलेला असेपर्यंत ते निष्क्रिय राहते. प्राणवायू सुटला की ते स्वतःवर फॉस्फेट गट चढवून तो फिक्स-जे या प्रथिनाकडे सोपविते आणि नत्र स्थिरीकरणाच्या जनुकांची साखळी कार्यान्वित होते. फिक्स-एल हे हीम-प्रथिन असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ही माहिती नवीन नाही. बटणाची उपमा येथे तोकडी पडते, कारण गाठीतील प्राणवायूची पातळी वनस्पती आणि जिवाणू दोघे मिळून राखतात. बटण दाबणारा असा कोणी बाहेरचा नाहीच.

दुसरे उदाहरण उसावरील केवड्याचे. चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या जमिनीत लोह विपुल असूनही विद्राव्य नसते. खोडव्याची कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडतात आणि शेतकरी हिराकस फवारतो. लोहाला आपण 'सूक्ष्म अन्नद्रव्य' म्हणतो. संज्ञा चूक नाही, पण ती लोहाला केवळ खाद्य ठरविते. वस्तुतः गवतवर्गीय पिके लोहाचा तुटवडा होताच विशिष्ट जनुके कार्यान्वित करून लोह बांधणारी संयुगे मुळांवाटे जमिनीत सोडतात. भातातील आयडीईएफ-१ हे नियामक प्रथिन तर लोहाशी थेट जोडले जाते.

ऊस उत्पादकाच्या घरातून आलेला विद्यार्थी लॅक ऑपेरॉनवर पूर्ण गुण मिळवितो, मात्र घरच्या पिवळ्या उसाचा जनुकांशी काही संबंध असेल अशी शंकाही त्याला येत नाही. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे असेच शिकविले, हे येथे नमूद केले पाहिजे.

तासिका अपुऱ्या पडतात, हा प्रतिवाद अपेक्षित आहे. तो अंशतः मान्य करावा लागेल. तथापि मानवी पेशी प्राणवायूची पातळी कशी ओळखते, या संशोधनाला २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि तेथेही निर्णायक विकर लोहावर अवलंबून आहे. लॅक ऑपेरॉनच्या तासिकांपैकी एक तासिका लसूणघासाला देता येईल : गुलाबी गाठ आणि जुनी, हिरवट पडलेली गाठ शेजारी ठेवून दोन्हींत फरक का, एवढे विचारावे.