घंटेच्या पोटातला मुलगा

सुरुवातीलाच घंटांचा कल्लोळ अंगावर येतो. एकावर एक टोल, वेगवेगळ्या उंचीचे, दाट. त्यातून एका लहान मुलाचा आवाज वर येतो. एकाच सुरावर लॅटिन शब्द म्हणणारा, स्वच्छ आणि सरळ. पुढची सगळी मिनिटं या दोघांखेरीज तिसरं कोणी नाही. एक घंटा आणि एक मुलगा.

जोनाथन हार्वी या इंग्रज संगीतकारानं 1980 साली पॅरिसच्या इर्काम या संस्थेत ही रचना केली. नाव 'मोर्तुओस प्लांगो, विवोस वोको'. मेलेल्यांसाठी मी शोक करते, जिवंतांना हाक मारते, असा त्याचा अर्थ. बोलणारी घंटाच आहे. इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथीड्रलच्या सर्वांत मोठ्या घंटेवर कोरलेल्या मजकुरातले हे शब्द. उडून जाणारे तास मी मोजते, असंही तीच त्याआधी सांगते. आणि मुलगा हार्वीचा स्वतःचा, डॉमिनिक. त्याच कॅथीड्रलच्या गायकवृंदात तो गात असे.

संगणकावर एका आवाजाचा दुसरा आवाज करणं आता घरोघरी पोचलं आहे. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर सिंथ उघडायचा, नॉब फिरवायचा, बासरीचं व्हायोलिन होतं. पण बहुतेक वेळा जे होतं ते एवढंच, की एक आवाज हळू होतो आणि दुसरा मोठा होत जातो. मधल्या टप्प्यावर दोन्ही शेजारी शेजारी ऐकू येतात, आगगाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या दोन रुळांसारखे. हार्वीच्या रचनेत मधल्या टप्प्यावर एकच आवाज असतो. तो धड घंटेचा नसतो, धड मुलाचाही नसतो. माझ्या मते या कलेची खरी परीक्षा तिथे आहे, आणि चाळीसहून अधिक वर्षं उलटली तरी या बाबतीत या रचनेच्या तोडीचं फार थोडं ऐकायला मिळतं.

हे कसं साधलं ते समजावं म्हणून मी घरातली पूजेची पितळी घंटी वाजवून तिचा आवाज फोनवर टिपला आणि एका वेव्हटेबल सिंथमध्ये घातला. ऐकू आला तो ऑर्गनसारखा सपाट, गोल सूर. घंटी कुठे गेली? कारण सरळ आहे. वेव्हटेबल एका लहरीचा तुकडा घेऊन तोच पुन्हा पुन्हा फिरवतं, आणि जे काटेकोरपणे पुन्हा पुन्हा येतं त्याचे उपस्वर, म्हणजे त्याच्या आत दडलेले सुटे सूर, मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटीतच बसतात. घंटेचे उपस्वर असे शिस्तीत बसत नाहीत. ती बेशिस्तच तिचं घंटापण आहे.

तंबोऱ्याजवळ बसलेल्या माणसाला हा फरक चटकन कळेल. जवारी नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. खर्ज 130 हर्ट्झवर असेल तर त्याची पाचपट, 650 हर्ट्झ, म्हणजे तो शुद्ध गंधार. चर्चच्या घंटेच्या पोटातही गंधार असतो, पण तो कोमल. सगळ्या प्रार्थनेवर, लग्नाच्या घंटानादावरसुद्धा, जी उदासीची छटा असते ती त्या कोमल गंधारामुळे, असं मला नेहमी वाटत आलं आहे. विंचेस्टरच्या घंटेचा मूळ सूर 130 हर्ट्झच्या आसपासचा, आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एकचा खर्ज. पण तिच्यात 347 हर्ट्झजवळ मध्यमही ठसठशीत ऐकू येतो. एका घंटेत असे दोन धनी.

हार्वीनं संगणकाकडून या घंटेचं विश्लेषण करून घेतलं आणि तिच्यातले 33 उपस्वर सुटे केले. मग रचनेसाठी बाहेरून एकही राग, एकही स्वरसप्तक आणलं नाही. आठ भाग, प्रत्येक भाग घंटेच्या प्रमुख आठ उपस्वरांपैकी एकावर उभा. स्वरपुंज त्याच 33 जणांतून. एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर स्वर घसरत, मींड घेत जातात, आणि ती मींड घंटेच्या एका उपस्वरापासून दुसऱ्या उपस्वरापर्यंतच जाते. म्हणजे ऐकणारा नऊ मिनिटं एकाच टोलाच्या आत फिरत असतो. कोणी भिंगातून पितळेचा दाणा पाहावा तसं हे एका टोलाकडे पाहणं आहे.

हे काम ज्या प्रोग्रॅमवर झालं तो म्युझिक फाइव्ह, मॅक्स मॅथ्यूज यांच्या अमेरिकेतल्या कामातून आलेला; जोडीला इर्कामचा चान्ट, गळ्याच्या आवाजाची घडण करणारा. तेव्हा नॉब फिरवताच ऐकू येण्याची सोय नव्हती. आकडे लिहायचे, संगणकाचा हिशेब पुरा होईपर्यंत थांबायचं, मग ऐकायचं. त्या थांबण्याची घट्ट वीण रचनेत जाणवते. एकही जागा सहज सापडली म्हणून ठेवलेली वाटत नाही.

आता आतल्या दोन जागा. घंटेवर ठोका पडला की वरचे उपस्वर आधी विरतात आणि खालचा गंभीर सूर सर्वांत शेवटपर्यंत उरतो. कुठलीही घंटा असंच करते. हार्वीनं हे आतलं आयुष्य उलटं केलं. खालचे सूर आधी मावळतात आणि वरची किनार लुकलुकत राहते. कान गोंधळतो, कारण ही घंटा आहे हे पटत असतं आणि अशी घंटा जगात नाही हेही. दुसरी जागा मुलाच्या आवाजाची. त्याचे स्वर घंटेच्या उपस्वरांच्या जागांवर एकेक करून बसवले आहेत. टोल पडतो आणि त्याचे घटक म्हणून मुलगाच मुलगा ऐकू येतो, कितीतरी उंचींवर, एकाच वेळी.

मीही घरी वेव्हटेबल सोडलं आणि उपस्वर नसलेले साधे आठ साइन स्वर घेतले, घंटीच्या आठ उपस्वरांवर लावले, प्रत्येकाला वेगवेगळी विरण्याची मुदत दिली. घंटी परत आली. मग आठांनाही मिळून एकच बारीक कंप दिला, सेकंदाला पाच-सहा आंदोलनांचा. आठ सुटे सूर एकमेकांना चिकटले आणि त्या धातूत गळ्याची चाहूल लागली. सुराला असा कंप देणं, म्हणजेच मॉड्युलेशन, काय असतं हे त्या क्षणाइतकं मला कधीच कळलं नव्हतं. अमेरिकन संगीतकार जॉन चाउनिंग यांनीही त्याच सुमारास घंटा आणि गळा यांच्या मधल्या वाटेवर 'फोने' ही रचना केली, 1981 साली. त्यांच्या कामातही असा कंप दिला की सुटे सूर गाऊ लागतात.

पण हार्वीची रचना प्रयोगशाळेच्या पलीकडे जाते ती तिच्यातल्या नात्यामुळे. टोल पडला की तो मरायला लागतो, त्याला धरून ठेवता येत नाही. गळ्यात श्वास असतो, श्वास आहे तोवर सूर टिकतो. संगणकानं घंटेचं विरणं मुलाला दिलं आणि मुलाचा श्वास घंटेला दिला. मेलेल्यांसाठी शोक आणि जिवंतांना हाक ही दोन वाक्यं तिथे शब्दांत राहत नाहीत, नादात घडतात. त्यात बापाच्या रचनेत लेकाचा आवाज. गायकवृंदातला मुलाचा तो उंच आवाज दोन-चार वर्षांचा पाहुणा. आवाज फुटला की पुन्हा येत नाही. घंटा शतकानुशतकं वाजू शकते. दोघांची ही अदलाबदल ऐकताना माझा घसा दाटतो, आणि तो तंत्रानं दाटतो हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

हार्वीची ओढ पूर्वेकडची होती. 1982 च्या त्यांच्या 'भक्ती' या रचनेत ऋग्वेदाच्या ऋचांचा आधार आहे, आणि 2008 च्या 'स्पीकिंग्ज'मध्ये त्यांनी अख्ख्या वाद्यवृंदाला बोलायला लावलं. तरी मला या नऊ मिनिटांइतकं दुसरं काही जवळचं वाटत नाही.

मूळ रचना आठ स्पीकरांसाठी आहे. घंटा श्रोत्यांना चहूबाजूंनी वेढते आणि मुलगा त्या घंटेच्या पोटात मोकळा उडत राहतो. घरी दोनच स्पीकर असतील तरी चालेल. आधी पाच मिनिटं नुसता तंबोरा ऐका, स्वयंभू गंधार कानात बसू द्या. मग दिवा मालवून ही घंटा लावा आणि शेवटचा टोल पूर्ण विरेपर्यंत उठू नका.