बोहाड्याची रात्र आणि रसिकाचे स्थान : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक :

ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात फाल्गुन ते वैशाख या काळात बोहाडा होतो. काही ठिकाणी त्यास भोवाडा असेही म्हणतात. ग्रामदेवतेच्या उत्सवानिमित्त मुखवटे धारण करून रात्रभर नाचविली जाणारी सोंगे हे त्याचे दृश्य रूप होय. लोकसाहित्याच्या अभ्यासात त्याची चर्चा प्रामुख्याने ‘विधिनाट्य’ या संज्ञेखाली होते. सोंगांचा क्रम, मुखवट्यांचे प्रकार, त्यांमागील पुराणकथा आणि देवतेची उपासना या अंगांनी ही चर्चा समृद्ध झाली आहे. तथापि, रात्रभर जागून ही सोंगे पाहणारा माणूस या चर्चेत क्वचितच दिसतो. ‘भाविक’ किंवा ‘ग्रामस्थ’ या शब्दांत त्याला सामावून टाकले जाते. बोहाड्याचा प्रेक्षक हा रसिकही आहे काय आणि असल्यास त्याच्या रसिकतेचे स्वरूप कोणते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला व जव्हार, मोखाडा हे तालुके ठाण्यातून वेगळे झाले. बोहाड्याची चर्चा बहुधा त्या तालुक्यांभोवती फिरते. त्यामुळे ठाणे जिल्ह्यात उरलेल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांकडे स्वतंत्रपणे पाहणे अगत्याचे ठरते.

रात्रीची रचना :

बोहाड्याला रंगमंच नाही. गावातील रस्ता हीच रंगभूमी असते. दुतर्फा माणसे बसतात, मधल्या मोकळ्या पट्ट्यातून सोंग संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत पुढे येते व मागे जाते. आरंभी गणपती येतो, पुढे मोरावर आरूढ झालेली शारदा येते. त्यानंतर देव, दैत्य, राक्षसिणी, वेताळ अशी सोंगे एकामागून एक येत राहतात आणि पहाटे देवी व महिषासुर यांच्या युद्धाने शेवट होतो. सोंगे फारसे बोलत नाहीत. मुखवट्याच्या आत चेहरा झाकलेला असल्यामुळे मुद्राभिनयाला वाव नसतो. सारा आशय पायांत, खांद्यांत आणि मुखवट्याच्या झोकात व्यक्त होतो.

या रचनेमुळे प्रेक्षकावर एक विशेष जबाबदारी येते. कथा त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता त्याला जागे ठेवीत नाही. त्याला जागे ठेवते ती ‘या वर्षी कसे होणार’ ही उत्सुकता. जड मुखवटा पेलून नाचणाऱ्याचा तोल, संबळाच्या चालीशी त्याच्या पावलांचे जुळणे, दैत्याच्या अंगावर येण्यातील आवेश यांची गतवर्षीशी तुलना करणारा प्रेक्षक हा केवळ दर्शनार्थी नव्हे. तो परीक्षक आहे. संस्कृत काव्यशास्त्राने ज्याला ‘सहृदय’ म्हटले त्याची पूर्वतयारी ग्रंथांच्या अभ्यासातून होते. बोहाड्याच्या सहृदयाची तयारी बालपणापासूनच्या जागरणांतून होते.

एक तौलनिक संदर्भ :

या रसिकतेचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी एक दूरचा संदर्भ उपयुक्त ठरतो. १९७६ साली ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या ब्रिटिश गटाने ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली व कारखान्याच्या कर्कश आवाजाशी नाते सांगणाऱ्या संगीतप्रकाराला नाव मिळाले. त्याच दशकाच्या अखेरीस पंकोत्तर रॉक संगीतातून काळा वेश, मृत्यू व भय यांचे आकर्षण बाळगणारा गॉथिक प्रवाह पुढे आला. या दोन्ही प्रवाहांचे चाहते जर्मनीतील लाइपझिग येथे १९९२ पासून भरणाऱ्या ‘वेव्ह-गोटिक-ट्रेफेन’ या महोत्सवात एकत्र येतात. तेथे चाहता केवळ संगीत ऐकण्यास जात नाही. रंगविलेला चेहरा, काळी वस्त्रे, जुन्या युगाचे पोशाख यांनी तो स्वतःच प्रेक्षणीय बनतो. व्यासपीठावरील कलावंताइतकाच समोरचा समुदाय हे त्या महोत्सवाचे दृश्य असते.

काळोख, कानठळ्या बसविणारा ताल, भयप्रद रूपे आणि पहाटेपर्यंतचे जागरण ही साम्यस्थळे उघड आहेत. परंतु भेद अधिक बोलका आहे. लाइपझिगमध्ये मुखवटा प्रेक्षक धारण करतो. बोहाड्यात तो नाचणाऱ्याकडे असतो आणि प्रेक्षक रोजच्या कपड्यांत बसतो. तेथील चाहता आपली दैनंदिन ओळख काही दिवस बाजूला ठेवण्यासाठी वेश निवडतो. बोहाड्यात सोंग निवडले जात नाही. अनेक गावी विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे परंपरेने चालत आलेला असतो. त्यामुळे प्रेक्षकाला मुखवट्याआड कोण आहे हे ठाऊक असते. समोर रावण असतो आणि त्याच वेळी तो शेजारच्या घरातील माणूसही असतो. या दुहेरी जाणिवेतच बोहाड्याच्या आस्वादाचे मर्म आहे.

भय आणि त्याचे रूपांतर :

भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांत भयानक, बीभत्स व अद्भुत यांचा समावेश आहे. मराठी समीक्षेने शृंगार, करुण व हास्य यांची जितकी चिकित्सा केली तितकी या तिहींची केली नाही. बोहाडा ही उणीव दाखवून देतो. टेंभ्यांच्या हलत्या उजेडात दैत्याचा मुखवटा एकाएकी जवळ येतो तेव्हा लहान मूल आईच्या पदरात तोंड लपविते आणि त्याच क्षणी मोठी माणसे हसतात. एकाच दृश्यातून भयानक व हास्य हे दोन रस एकाच वेळी दोन पिढ्यांत निष्पन्न होतात. पुढे तेच मूल मोठे होऊन हसणाऱ्यांत सामील होते. भयापासून हास्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच त्याचे रसिक होणे होय. गॉथिक महोत्सवात भय ही शैली बनते व व्यक्तीची निवड ठरते. बोहाड्यात भयाला वयाप्रमाणे बदलणारा सामाजिक क्रम असतो. मिखाईल बाख्तिन यांनी कार्निव्हलमध्ये नट व प्रेक्षक यांना विभागणारी रेषा नसते असे प्रतिपादन केले. बोहाड्यात ही रेषा आहे, परंतु ती आयुष्याच्या ओघात ओलांडता येते.

अर्थात ती सर्वांनाच ओलांडता येत नाही. स्त्रीपात्रांची सोंगे परंपरेने पुरुषच घेत आले आहेत. देवी हे या रात्रीचे सर्वोच्च रूप असले तरी स्त्रियांच्या वाट्याला प्रामुख्याने पाहण्याचीच भूमिका येते. मानाच्या वाटपातूनही गावातील उतरंड प्रकट होते. रसिकतेचा गौरव करताना या मर्यादांकडे डोळेझाक करणे समीक्षेला शोभणारे नाही.

आक्रसणारी रात्र :

आज या रसिकापुढे खरा प्रश्न वेळेचा आहे. या भागातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बोहाड्याचा हंगाम नेमका या काळात येतो. आसनगाव व मुरबाड परिसरातील कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या तरुणाला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावयाचे असते. ज्या कारखान्याच्या आवाजातून पाश्चात्त्य इंडस्ट्रियल संगीताला प्रेरणा मिळाली, तोच कारखाना येथे रसिकाकडून त्याची रात्र मागून घेतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. त्यांचा हेतू आरोग्याचा असून तो रास्त आहे. परंतु शेकडो वॅटच्या ध्वनियंत्रणेला आणि हातांनी वाजविल्या जाणाऱ्या संबळाला एकाच मापाने मोजणे कितपत उचित, याचा विचार सांस्कृतिक अभ्यासकांनी मांडावयास हवा.

शहरी महोत्सवांत बोहाडा रंगमंचावर सादर होतो तेव्हा मुखवटे, ताल व वेशभूषा टिकून राहतात. टिकत नाही ती रात्र. अर्ध्या तासात दहा सोंगे पाहणाऱ्या प्रेक्षकाला गणपती व महिषासुर यांच्यामधले तास मिळत नाहीत. पेंग येणे, पुन्हा जागे होणे, मुलांना कुशीत घेणे, अंधार फिकट होत जाणे हे काहीच मिळत नाही. मुखवट्याआडचा माणूसही त्याला अनोळखी असतो. अशा सादरीकरणातून कलेची ओळख होते, हे नाकारता येत नाही. मात्र त्यावरून कलेचे मूल्यमापन करणे म्हणजे कादंबरीचा सारांश वाचून तिची समीक्षा करण्यासारखे आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, बोहाड्याच्या समीक्षेचे एकक सोंग किंवा मुखवटा नसून संपूर्ण रात्र हे असावयास हवे, आणि त्या रात्रीचा मुख्य साक्षीदार प्रेक्षक आहे. मुखवटा संग्रहालयात ठेवता येतो, संबळाचा ताल ध्वनिमुद्रित करता येतो. ‘औंदा सोंग चांगलं नाचलं’ असे अधिकाराने म्हणणारा माणूस जतन करण्याची सोय कोठेही नाही. शहापूर व मुरबाड येथील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी याच गावांतून येतात. भाषा व समाजशास्त्राच्या प्रकल्पकार्यात सोंगांच्या यादीबरोबर वृद्ध प्रेक्षकांची मते, त्यांचे निकष व त्यांचे शब्द नोंदविले गेल्यास मराठी समीक्षेला एक नवी परिभाषा लाभू शकेल. ही नोंद पाहणारे जागे आहेत तोवरच व्हावयास हवी.