रान कशाला म्हणायचं?

मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ मी पहिल्यांदा उचललं ते गैरसमजातून. तेव्हा शाळेत होतो. निलंग्यात आमच्या घरी ‘रान’ म्हणजे शेत. आबा सकाळी “रानात जाऊन येतो” म्हणायचे, तेव्हा ते आमच्या वावरात जात. मला वाटलं, पुस्तकात तसल्याच वाटा असणार: बांध, पाणंद, ओढ्याकाठच्या बाभळी. थोडी पानं वाचल्यावर कळलं की हे रान म्हणजे जंगल आहे. पुस्तक मी संपवलं, नंतर पुन्हा वाचलं. आणि नकळत एक गोष्ट झाली. आबांचं रान माझ्या लेखी रान उरलं नाही, नुसतं शेत झालं.

चितमपल्ली 18 जून 2025 रोजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यानंतरच्या काही महिन्यांत मी त्यांची पुस्तकं पुन्हा काढून वाचली: ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘नवेगावबांधचे दिवस’, ‘चकवाचांदण’. नोकरी पुण्याच्या आयटी कंपनीत, पण घरून काम करायची मुभा असल्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस मी निलंग्यात असतो. दुर्बीण आहे, फोनमध्ये ईबर्ड आणि मर्लिन आहे. सकाळी दोन तास चालतो आणि नऊला लॅपटॉप उघडतो. या चालण्यामुळे यंदा ही पुस्तकं मला वेगळी दिसली. त्यांच्यावरचं प्रेम कमी झालेलं नाही, पण एक प्रश्न अडकून राहिला आहे. मराठी निसर्गलेखनानं ‘रान’ या शब्दाचा एकच अर्थ का उचलला?

लेखकाच्या बाजूनं याचं उत्तर सोपं आहे. चितमपल्लींचा जन्म 1932 चा, सोलापूरचा. म्हणजे मुलूख आमच्यासारखाच, माळाचा. पण कोइमतूरला वनशिक्षण घेऊन त्यांनी वनखात्यात सुमारे 36 वर्षं काढली. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कर्मभूमी. ज्यानं आयुष्य जंगलात घालवलं तो जंगलाबद्दलच लिहिणार.

व्यंकटेश माडगूळकरांच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही. ते माणदेशचे. ‘बनगरवाडी’ (1955) माळावर घडते, आणि तो माळ मेंढरांचा, धनगरांचा, दुष्काळाचा आहे. पण माडगूळकरांचं ‘निसर्गावरचं’ पुस्तक कोणतं असं विचारलं, तर आपण ‘नागझिरा’चं नाव घेतो. ही वाटणी माडगूळकरांनी केली नाही, आपण वाचकांनी केली. माळ ग्रामीण साहित्याच्या कपाटात ठेवला, पाखरं निसर्गलेखनाच्या. एकाच लेखकाची दोन पुस्तकं दोन खोल्यांत गेली.

मराठवाड्याच्या वाट्याला तर दुष्काळाचं, कर्जाचं, आत्महत्यांचं लेखन आलं. ते यायलाच हवं होतं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, हे मी विसरू शकत नाही. पण हेच सतत वाचून बाहेरच्या माणसाचं, आणि हळूहळू आमचंही, असं मत झालं की या मुलखात बघण्यासारखं काही नाही. कंपनीतल्या एका सहकाऱ्यानं मला सहज विचारलं होतं, “लातूरकडे पक्षी असतात?” मी हसलो, पण तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मीही पक्षी बघायला ताम्हिणीला जात होतो.

याला एक मोठा अपवाद आहे, ना. धों. महानोर. ‘रानातल्या कविता’ (1967) मधलं रान हे पिकाचं रान आहे. पळसखेडच्या त्या कवीला पाखरू बघायला शेत सोडून जावं लागलं नाही. पण महानोरांना आपण कवितेच्या तासाला वाचलं. पक्षिनिरीक्षकाच्या पिशवीत त्यांचं पुस्तक मी कधी पाहिलं नाही.

आता माझी वाट सांगतो. जानेवारीतली सकाळ. आधी गायरान लागतं, मग रान, मग मसलग्याच्या तलावाचं पाणी. गायरान म्हणजे मुरमाड जमीन आणि घोट्याएवढं वाळलं गवत. टिटवी लांबूनच ओरडून सगळ्यांना सावध करते. डोंबारी चंडोल हवेत चढतो आणि पंख मिटून खाली सूर मारतो. डोंबाऱ्याचं नाव त्याला कुणी दिलं असेल, त्यानं डोंबाऱ्याचा खेळ नीट पाहिलेला होता. पुढं रानात तारेवर कोतवाल, बाभळीवर खाटीक, कधी नीलकंठ. गावात नीलकंठेश्वराचं जुनं देऊळ आहे, त्यामुळे या पाखराचं नाव आम्हाला शिकवावं लागत नाही. तलावावर हळदी-कुंकू बदकं असतात: चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके. आणि काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी. ही नावं घरातली आहेत, देवळातली आहेत, जत्रेतली आहेत. ती देणारी माणसं याच वाटांनी रोज जात होती.

इथं मला चितमपल्लींचं खरं मोठेपण दिसतं, आणि मर्यादाही. मोठेपण हे की त्यांनी नावं गोळा केली. ‘पक्षिकोश’ ही एका माणसानं उपसलेली विहीर आहे. ते विचारत गेले. नवेगावला माधवराव पाटील डोंगरवारांना विचारलं, आदिवासींना विचारलं, पारध्यांना विचारलं. मर्यादा ही की ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं यांच्यातली शिवण त्यांच्या गद्यात अनेकदा दिसत नाही. दंतकथा आणि निरीक्षण एकाच संथ, भारलेल्या स्वरात येतात. डेटाबरोबर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला तिथं थांबून विचारावंसं वाटतं: हे कधी, कुठं, कुणी पाहिलं? पण या भारलेपणाचा दोष त्यांच्यापेक्षा आमच्याकडे जास्त जातो. आम्ही त्यांची विचारण्याची सवय सोडली आणि भारलेपण तेवढं घेतलं. जंगल म्हणजे पवित्र, झाड म्हणजे पुण्य, आणि जिथं झाड नाही ती जागा उजाड.

याची किंमत काय, ते मला ठाऊक आहे, कारण ती वसूल करणाऱ्यांत मीही होतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही पन्नासेक मुलांनी याच गायरानावर वृक्षारोपण केलं. जेसीबीनं चर खणले, रोपं लावली, फोटो काढले. मी त्या दिवशी भाषणही केलं आणि त्यात चितमपल्लींचं नाव घेतलं. दोन उन्हाळ्यांत बहुतेक रोपं वाळली. चर मात्र राहिले. गायरानाचा तेवढा तुकडा आता नांगरल्यासारखा दिसतो. टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात; त्यांना झाड नको असतं, मोकळं, तुडवलं न जाणारं रान हवं असतं. पलीकडच्या न खणलेल्या बाजूला मला धाविक दिसतो. आमच्या बाजूला अजून एकदाही दिसलेला नाही. चर खणण्याआधी तो तिथं होता का, हे सांगता येणार नाही, कारण तेव्हा आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. उजाड जागेत काय बघायचं?

सरकारी भाषेत अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. हा शब्द आणि आमच्या पुस्तकांतलं जंगलप्रेम एकमेकांना मदत करतात, हे मला उशिरा कळलं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य झालं ते 1979 मध्ये. माळढोक आणि तणमोर ही नावंच सांगतात की ही पाखरं कुठली. तरी माळ वाचवायचा म्हटलं की आपल्याला आधी तिथं झाडं लावावीशी वाटतात. देशात आता माळढोक जेमतेम दीडशेच्या आसपास उरले असावेत असा अंदाज आहे.

राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात अभयारण्यात जरूर जावं. पण चितमपल्लींना मान द्यायचा तर त्यांनी जे केलं ते करावं लागेल. आपल्या गावचा माधवराव पाटील शोधावा लागेल.

माझा घरातच होता. मागच्या जानेवारीत शेजारच्या शाळूवर थवा उतरला. काळं डोकं, गुलाबी अंग, हजारएक तरी असतील. मी दुर्बीण लावली. मर्लिननं सांगितलं, रोझी स्टारलिंग. पुस्तकातलं नाव गुलाबी मैना. मध्य आशियाकडून येतात, हे मला वाचून माहीत होतं. आबा बांधावर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना थवा नुसता डागासारखा दिसत असेल.

“काय बघलालास रं एवढं?”

मी वर्णन केलं. ते म्हणाले, “भोरड्या हायत त्या. आवाजावरनंच कळालं मला.” आणि मग अर्धा तास बोलत राहिले. हुरडा भरला की भोरड्या येतात. दिवस उगवायच्या आत मचाणावर चढावं लागे, कारण पहिला घास त्यांचा असतो. गोफणीचा दगड थव्यावर मारायचा नाही, थव्याच्या पुढं मारायचा. ज्वारी कमी होऊन सोयाबीन आलं तसे थवे कमी झाले. हे सगळं त्यांनी शत्रूबद्दल बोलावं तसं सांगितलं, पण एवढं बारकाईनं मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

मी ते वहीत उतरवून घेतलं, ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळ्या रकान्यांत. वहीवर नाव घालायचं होतं. ‘रान’ एवढंच लिहिलं आहे.