‘जैत रे जैत’: नावलौकिक गाण्यांचा की चित्रपटाचा?

मराठीत एखाद्या जुन्या चित्रपटाला ‘अभिजात’ म्हणायचे ठरले, की त्याची कारणे सहसा तीन प्रकारची दिली जातात. पहिले कारण पुरस्काराचे. ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुसरे कारण गर्दीचे. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, एवढे सांगितले की पुढचा वाद मिटतो. तिसरे कारण गाण्यांचे. ‘पिंजरा’चे नाव काढताच लोक गुणगुणू लागतात आणि मास्तरांच्या अधःपाताची गोष्ट पटण्यासारखी आहे का, हे विचारायचे राहून जाते.

ही तिन्ही कारणे खोटी नाहीत. मात्र ती चित्रपटाच्या आयुष्याबद्दल सांगतात, त्याच्या गुणाबद्दल नव्हे. चित्रपट आज पुन्हा पाहिल्यावर त्याचा लौकिक टिकतो का, हे प्रत्येक चित्रपटापुरते वेगळे तपासावे लागते. त्यासाठी मी ‘जैत रे जैत’ निवडला. मी पनवेलचा आणि हा चित्रपट आमच्या शेजारचा. गो. नी. दांडेकरांच्या ज्या कादंबरीवर तो बेतला आहे, तिच्या पाठीशी पनवेलहून महामार्गाने दहा-बारा किलोमीटरवर असलेला कर्नाळ्याचा सुळका आहे. या सुळक्याला आग्या मोहोळे लागतात आणि गडावर जाणाऱ्यांना आजही जपूनच राहावे लागते. दुर्गांवर मनापासून प्रेम करणाऱ्या गोनीदांनी हा सुळका आणि त्याच्या पायथ्याचे ठाकर यांतून एक गोष्ट उभी केली. १९७७ साली डॉ. जब्बार पटेल यांनी तिचा चित्रपट केला.

गोष्ट थोडक्यात अशी. नाग्या हा भगताचा मुलगा. पुण्यवंत व्हायचे हा त्याचा ध्यास. नेमाने वागावे, पाप करू नये, मग देव आपला, अशी त्याची साधी समजूत. पण लिंगोबाच्या डोंगरावरची माशी त्याला डसते आणि त्याचा एक डोळा जातो. पाप केले नाही, तर शिक्षा कसली? या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तेव्हा नाग्या डोंगरावरचे मोहोळ उतरवायची प्रतिज्ञा करतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्यावर जीव लावते आणि त्याच्या सूडात सामील होते. शेवटी मोहोळ पडते, पण माश्यांच्या हल्ल्यात चिंधी मरते. ‘जैत’ म्हणजे विजय, आणि तो नाग्याला मिळतो तो असा.

आता लौकिकाकडे येऊ. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण आज त्याचे नाव टिकून आहे ते ना. धों. महानोरांच्या शब्दांवर आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर. पनवेलमधल्या ओळखीच्या पन्नाशी-साठीच्या मंडळींना मी या चित्रपटातला एखादा प्रसंग सांगायला सांगितले. बहुतेकांनी गाणे सांगितले. शेवट काय होतो, हे अनेकांना ठाऊक नव्हते. याला मी सर्वेक्षण म्हणणार नाही, पण वाचकांनी हाच प्रयोग आपल्या घरी करून पाहावा. रेडिओ, कॅसेट आणि वाद्यवृंद यांनी ही गाणी घरोघर नेली आणि चित्रपट मागे राहिला. ‘जैत रे जैत’ हा बहुतेकांनी ऐकलेला आणि थोड्यांनीच पाहिलेला चित्रपट आहे.

गाणी थोर आहेत, यात वाद नाही. शिवाय ती गोष्टीला खीळ घालत नाहीत, बहुतेक ठिकाणी तीच गोष्ट पुढे नेतात. हे कसब नाटकातून आलेले आहे. पटेलांनी १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ बसवले तेव्हा समूहगानाने नाटक चालवायची रीत त्यांच्या हाती बसली होती. त्यातले नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे इथे नाग्या आहेत, आणि त्या समूहातले चंद्रकांत काळे आणि रवींद्र साठे यांचे आवाज इथेही आहेत. तरीही पूर्वार्धात गाण्यांची दाटी होते, असे माझे मत आहे. नाग्याच्या मनात शंका कशी मुरत जाते, हे पाहायला जेवढी निवांत जागा हवी होती, तेवढी मिळत नाही.

दुसरा दावा अधिक गंभीर आहे. हा चित्रपट ठाकरांच्या जीवनाचे अस्सल दर्शन घडवतो, असे म्हटले जाते. मला हे मान्य करता येत नाही. महानोर अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळासखेड्याचे. त्यांच्या शब्दांना रानाचा वास आहे, पण ते रान मराठवाड्याचे आहे, रायगडच्या ठाकरवाडीचे नव्हे. नटमंडळी बव्हंशी पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवरची. त्यांनी उभी केलेली बोली ही एक ‘रानबोली’ आहे. ती कानाला गोड लागते, पण ठाकरांची म्हणून ओळखता येत नाही. ल. ना. चापेकरांनी १९६० साली सह्याद्रीतल्या ठाकरांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता. म्हणजे हा समाज अभ्यासकांना अपरिचित नव्हता. का-ठाकर आणि मा-ठाकर हा भेदही जाणकारांना माहीत होता. चित्रपटात मात्र एकच सरसकट ‘ठाकर’ आहे.

त्याहून मोठी गोष्ट वगळण्याची. कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली जाहीर झाले. चित्रपट आला तेव्हा या रानावर सरकारी शिक्का बसून नऊ वर्षे झाली होती आणि पायथ्यातून मुंबई-गोवा रस्ता जात होता. लाकूड, मध, जमीन, मजुरी यांवरून ठाकराचा रोजचा झगडा खात्याशी आणि सावकाराशी होता. चित्रपटाचा पेच यांतल्या कशाशीच नाही. तिथे फक्त डोंगर, देव, माशी आणि माणूस आहे. दर्शन म्हणून पाहिले तर ही उणीव लहान नव्हे.

तरीही माझ्या मते ‘जैत रे जैत’ आपल्या नावाला पात्र आहे. त्यामागचे कारण मला १९८० च्या ‘आक्रोश’शी तुलना केल्यावर नीट दिसले. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेल्या या हिंदी चित्रपटात ‘जैत रे जैत’मध्ये नसलेले सगळे आहे: ठेकेदार, पोलीस, न्यायालय, अत्याचार. समाजाचे वास्तव म्हणून तो कितीतरी खरा आहे. पण त्यातला लहान्या भिकू चित्रपटभर गप्प असतो आणि आपण त्याला शहरी वकिलाच्या नजरेतून पाहतो. ती शांतता अर्थपूर्ण आहे, तरी तिथे विचार करण्याचे काम वकिलाकडे जाते. आदिवासी अन्याय सोसतो. ‘जैत रे जैत’मध्ये वकील नाही, मास्तर नाही, समाजसेवक नाही. देवाला जाब विचारणारा ठाकर आहे, त्याला अडवणारा भगतही ठाकर आहे, आणि चुकणाराही ठाकरच. पाप-पुण्याचा हिशेब चुकतो कसा, हा पंडितांचा समजला जाणारा प्रश्न इथे वाडीतला तरुण स्वतःच्या फुटलेल्या डोळ्यानिशी विचारतो. मराठी पडद्यावर आदिवासी माणसाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

जनावराने अपंग केलेल्या माणसाचा सूड हा विषय जगाला नवा नाही. मेल्विलच्या ‘मोबी डिक’मध्ये देवमाशाने पाय नेलेला कप्तान एहॅब असाच पेटतो. पण एहॅब स्वतः मरतो. नाग्या वाचतो आणि किंमत चिंधी मोजते. इथे स्मिता पाटीलचे काम निर्णायक ठरते. त्याच वर्षीच्या ‘भूमिका’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून या भूमिकेकडे थोडे दुर्लक्ष झाले असावे. चिंधी बाहुली नाही. नको असलेला नवरा तिने सोडला आहे आणि हवा तो माणूस तिने स्वतः निवडला आहे. नाग्यापेक्षा ती अधिक मोकळी आहे. म्हणूनच तिचा मृत्यू नुसता करुण वाटत नाही. तो नाग्याच्या प्रतिज्ञेवरचा आरोप ठरतो. देवाने अन्याय केला म्हणून पेटलेला माणूस आपल्याच माणसावर अन्याय करून बसतो. चित्रपट हे बोलून दाखवत नाही, पण विजयाचा आनंदही घेऊ देत नाही.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. गाण्यांसाठी मिळालेली कीर्ती रास्त आहे, पण ती गाण्यांची आहे. ‘ठाकरांचे दर्शन’ म्हणून दिलेली पावती मागे घ्यायला हवी. आणि एका माणसाच्या देवाशी चाललेल्या भांडणाची शोकांतिका म्हणून या चित्रपटाचे जे मोल आहे, ते अजून पुरते ओळखलेच गेलेले नाही. दर्शनाच्या दाव्याबाबत खरा कौल रायगडच्या वाड्यांतल्या शिकलेल्या ठाकर मुलामुलींनी द्यायचा आहे. महाविद्यालयांतल्या चित्रपट मंडळांनी त्यांच्यासोबत हा चित्रपट पाहावा आणि आधी त्यांना बोलू द्यावे.