आंधळं सरकार, बहिरी व्यवस्था : आपल्याच कवितेबद्दल

आपल्या कवितेत सरकार आंधळं असतं, व्यवस्था बहिरी असते आणि भित्रा माणूस पांगळा. मीही असंच लिहीत आलो. मागं वस्तीतल्या वाचनात माझी कविता संपली तेव्हा आमचा एक दोस्त बोलला. जन्मापासून त्याला दिसत नाही. म्हणाला, "सरकारला सगळं दिसतं रे. दिसत नाही ते मला. माझं नाव त्याला कशाला देतोस?"

मी गप्प झालो. आता लिहितो.

सरकारला आंधळं म्हटलं की त्याचा गुन्हा हलका होतो. दिसलंच नाही म्हणे बिचाऱ्याला! अन् ज्याला खरंच दिसत नाही त्याची शिवी होते. जातीचं नाव शिवीसारखं वापरणाऱ्यावर आपण तुटून पडतो. मग हे कसं खपवून घेतो?

सरकारची तऱ्हा वेगळी. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द पुढं केला. आपल्याला इथं 'हरिजन' आठवला पाहिजे. त्या शब्दाचा निषेध म्हणून बाबासाहेबांनी जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेतून सभात्याग केला होता. गोड नावानं चूल पेटत नाही.

चुलीचा हिशेब असा. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकरीत अपंगांना किमान ४ टक्के जागा ठेवल्या. खाजगी मालकावर तशी सक्ती नाही. हे आरक्षण समांतर आहे : त्यातून निवडलेला अनुसूचित जातीचा उमेदवार अनुसूचित जातीच्याच जागांत धरला जातो. म्हणजे त्याची जागा मागणं हे आपलंच मागणं. पण आमच्या दोस्ताला दोन दारं झिजवावी लागतात, जात पडताळणीचं अन् मेडिकल बोर्डाचं. एक त्याची जात तपासतं, दुसरं डोळे. एवढं करून मुलाखतीत पहिला प्रश्न, "तुला जमेल का?"

२०११ च्या जनगणनेत देशात अपंग २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींत २.४५. प्रश्न आपल्याच घरातला आहे. तरी आपल्या मोर्चात त्याचा एक फलक नसतो.

मी ती कविता फाडली नाही. दुरुस्त केली. तिच्यातलं सरकार आता डोळस आहे, सगळं बघून करतं. पुढच्या मोर्चाच्या मागणीपत्रकात अपंगांच्या रिकाम्या जागांचा हिशेब मागू. अन् ते पत्रक छापण्याआधी आमच्या दोस्ताला वाचून दाखवू.

जयभीम!