अंगणातली सावली आणि पोस्टकार्डावरचा प्रश्न

मुलांच्या प्रश्नांना उत्तर देणे हे कुटुंबाचे काम की शाळेचे, असा वाद आपल्या घरांतून अधूनमधून होत असतो. संध्याकाळची रोझरी आटोपून जेवणे उरकेपर्यंत एखादे पोर काहीतरी विचारते आणि 'आधी जेव, मग बघू' असे म्हणून आपण मोकळे होतो. ते 'मग' बहुधा उगवत नाही. या लेखात मराठीतील दोन विज्ञानप्रसारकांच्या कार्याचे मूल्यमापन करावयाचे आहे. परंतु त्याआधी आमची स्वतःची एक फजिती सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या कन्येने विचारले, "बाबा, सावली कधी अगदी नाहीशी होते का?" आम्ही तत्काळ उत्तरलो, "रोज दुपारी बारा वाजता." शाळेत ऐकलेले वाक्य आम्ही जसेच्या तसे पुढे केले. ती ऐकून गप्प बसली नाही. मीटरभर लांबीची काठी अंगणात उभी करून घड्याळ घेऊन बसली. बारा वाजले तेव्हा काठीपाशी अर्ध्या वितीची सावली पश्चिमेकडे पडलेली होती. तिने आत येऊन एवढेच सांगितले, "सावली आहे." आम्हांस रागच आला. 'घड्याळ चुकीचे असेल' असे म्हणून आम्ही विषय मिटवला. घड्याळ बरोबर होते.

त्या दिवशी जे झाले ते आज आम्हांस टोचते. कारण चूक आमची होती आणि दटावणी तिला मिळाली. पुढे बरेच दिवस तिने आम्हांस काही विचारले नाही.

डॉ. जयंत नारळीकर यांच्या एका सवयीचे मोल आम्हांस या अनुभवानंतर कळले. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीच्या वह्या घेऊन भोवती जमत, तेव्हा ते सांगत की एका साध्या पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर स्वाक्षरीसह येईल. वरवर पाहता ही गोष्ट लहान आहे. परंतु तिच्यात एक पूर्ण शिक्षणविचार सामावलेला आहे. स्वाक्षरी हवी तर मुलाने काही विचारले पाहिजे, आणि विचारण्याआधी घरी बसून, आपल्या शब्दांत, हाताएवढ्या जागेत ते मांडले पाहिजे. उत्तर देणाऱ्यावरही तेच बंधन पडे. जगद्विख्यात शास्त्रज्ञ एका अपरिचित मुलाला लेखी उत्तर देतो, म्हणजे त्याचा प्रश्न उत्तराच्या योग्यतेचा मानतो. आमच्या अंगणात त्या मे महिन्यात नेमकी हीच गोष्ट घडली नाही.

नारळीकरांच्या ललित लेखनाविषयी मात्र आमचे मत थोडे वेगळे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, हे सर्वश्रुत आहे. 'यक्षांची देणगी'तील कल्पना आजही ताज्या वाटतात. पण त्यांची पात्रे पुष्कळदा कल्पना वाहून नेण्यापुरतीच जगतात. शिवाय त्यांचा ओढा स्वाभाविकपणे आकाशाकडे. नांदगावच्या मुलाला कृष्णविवर कळते, परंतु आपल्या विहिरीचे पाणी एप्रिलात खोल का जाते हे त्याने कोठे शोधावे?

ही उणीव काही अंशी श्री. अरविंद गुप्ता यांनी भरून काढली. पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर ते भूमिती शिकवतात. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही. हे हाताला कळले, म्हणजे विजेच्या उंच मनोऱ्यात इतके त्रिकोण का, हे मूल आपणहून ओळखते. येथेही एक धोका आम्हांस दिसतो. खेळणे तयार झाले की काम संपले असे मोठ्यांना वाटते. शेजारी बसून 'असे का झाले असेल?' म्हणणारे कुणी नसेल, तर प्रश्न खेळण्याबरोबरच अडगळीत जातो.

प्रश्न विचारल्याने श्रद्धा डळमळेल, ही भीती काही पालकांच्या मनात असते. त्यांच्यासाठी एक प्रसंग नमूद करतो. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याचा आरंभ एका आदिअणूतून झाला, हा विचार १९२७ ते १९३१ या काळात जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूंनी मांडला. नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांनी त्याला आयुष्यभर विरोध केला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी नारळीकरांचा पर्याय स्वीकारला नाही. तरी त्यांनी शंका सोडली नाही. दुसरीकडे, आपल्या सिद्धान्ताचा उपयोग उत्पत्तीच्या पुस्तकाचा पुरावा म्हणून होऊ नये, असा आग्रह खुद्द लमेत्र यांनीच धरला. एक धर्मगुरू आणि एक शंकेखोर शास्त्रज्ञ, दोघांनीही प्रश्नाला प्रश्न म्हणून मान दिला.

डिसेंबर २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, नाशिकला, चौऱ्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. आता त्या पत्त्यावर पोस्टकार्ड पाठवता येणार नाही. ते उत्तर आता घरानेच द्यावयाचे आहे.

सावलीचे उत्तर आम्ही उशिरा, पण कन्येसोबत बसूनच शोधले. भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे. नांदगाव त्याच्या पश्चिमेला जवळजवळ आठ अंश. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपली मध्यान्ह सुमारे एकतीस मिनिटे उशिरा येते. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटे पुढे असतो, म्हणून ती साधारण बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी होते. आणि सावली पूर्ण नाहीशी होते ती रोज नव्हे. वर्षातून दोनदाच, २१ मे आणि २१ जुलैच्या आसपास. मधल्या दोन महिन्यांत आपली मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो. आमच्या तालुक्यात त्याची तक्रार कुणी करणार नाही.

येत्या मे महिन्यात वाचकांनी मुलांसह एक काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि बारा ते पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करावी. उत्तर आधी सांगू नये. आमची कन्या आता मोठी झाली आहे. पण त्या दिवशी आम्ही पुन्हा अंगणात बसलो, तेव्हा खडू तिच्याच हातात होता. आणि तिने पुढचा प्रश्न विचारला.